दिवस मावळतानाची मोजणी

गुरुवार, सतरा जानेवारी २००८. संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी येरवड्यातल्या एका चार मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ललिता ओव्हाळ बेसिनवरचा आरसा टॉवेलने झाकत होत्या. त्याआधी त्यांनी हॉलमधल्या दोन्ही ट्यूब लावल्या होत्या आणि बाल्कनीचा पडदा ओढून घेतला होता. आरसा झाकायचा, कारण त्यात एक म्हातारा दिसतो. तो मोजणीत येतो आणि मग आकडा जुळत नाही.

मोजणी करणारे त्यांचे पती, सीताराम ओव्हाळ. वय त्र्याहत्तर, तुरुंग खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त. ते खुर्चीत बसले होते. दुपारभर ते असेच समोरच्या भिंतीकडे बघत बसतात. हाक मारली तर मान वळते, पण उत्तर येईलच असं नाही. उजेड उतरू लागला की मात्र ते आपणहून उठतात, शर्टाची वरची गुंडी लावतात, खिशातला किल्ल्यांचा जुडगा चाचपतात आणि घरात फेऱ्या घालू लागतात. तुरुंगात दिवस मावळताना कैद्यांना बराकीत घेऊन मोजतात आणि कुलूप लावतात. त्याला तिथे बंदी म्हणतात. पस्तीस वर्षं त्यांनी ते काम केलं. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. आता ते काम पुन्हा सुरू झालं आहे, आणि कैदी घरातलेच आहेत.

ललिताबाईंनी कुकर उतरवला, खुंटीवरची खाकी जर्सी काखेत घेतली आणि त्या दाराबाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या. मोजणी होईपर्यंत त्यांना घरात थांबता येत नाही. ते का, हे समजायला दोन वर्षं मागे जावं लागेल.

ललिताबाई मूळच्या दौंडजवळच्या. एकोणीसशे एकसष्ट साली लग्न होऊन त्या तुरुंगाच्या कर्मचारी वसाहतीत आल्या, तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. वसाहतीला सगळे लाईन म्हणत. लाईनीतल्या शिपायांच्या वर्दीची बटणं लावणं, पँट उसवून पुन्हा शिवणं ही कामं त्या घरबसल्या करत. नवऱ्याबद्दल विचारलं तर त्या इतकंच सांगतात, की माणूस वेळेचा होता, घरात कमी बोलायचा आणि आंबेडकर जयंतीला न चुकता पांढरा सदरा घालायचा. एकुलता मुलगा सौरभ शिकला, कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला. सून शर्मिला नगरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. नात उत्कर्षा दुसरीत आहे.

सौरभची कंपनी ऑस्ट्रेलियातल्या गिऱ्हाइकांचं काम बघते. तो पहाटे निघतो आणि दुपारी परत येतो. शर्मिला कल्याणीनगरच्या कॉल सेंटरमध्ये अमेरिकेच्या वेळेनं काम करते. संध्याकाळी जाते, पहाटे येते. मुलीजवळ दोघांपैकी कुणीतरी असावं म्हणून त्यांनी हे ठरवून घेतलेलं. घरात एक घड्याळ सिडनीचं, एक न्यूयॉर्कचं, आणि दोन हजार सहापासून तिसरं तुरुंगाचं.

सुरुवात विसरण्यानं झाली. ते कुणाला फारसं जाणवलं नाही. जाणवलं ते नंतरचं. ललिताबाईंनी पट्टा चोरला असं ते रोज म्हणू लागले. पट्टा कमरेलाच असे. समोरच्या पाण्याच्या टाकीवर दोन माणसं बसलीत आणि ती भिंत उतरणार आहेत, असं त्यांना दिसू लागलं. एका दुपारी शर्मिलाची मैत्रीण आलेली असताना त्यांनी हॉलमध्ये उभ्याउभ्या पँट काढली. आंघोळीला नेताना ललिताबाईंच्या कानाखाली बसली, तेव्हापासून त्या कानाला थोडं कमी ऐकू येतं. दोनदा ते चालत तुरुंगाच्या रस्त्याला लागले. दोन्ही वेळा ओळखीच्या रिक्षावाल्याने आणून सोडलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. "आठवण जाते ते एक. संशय, भास, मारणं, संध्याकाळची ही तगमग, हेही त्याच आजाराचं. उलट घरचे लोक विसरण्यानं थकत नाहीत, यानंच थकतात. ते मुद्दाम करत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका."

"वाद कोण घालतंय?" ललिताबाई म्हणाल्या. "हवालदाराशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?"

गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ते दिवसभर लाळ गाळत झोपले आणि चौथ्या दिवशी बाथरूममध्ये पडले. गोळी अर्ध्यावर आणली. पडणं थांबलं. संध्याकाळ तशीच राहिली.

संध्याकाळचं दुखणं एकाच गोष्टीवर अडत होतं. घरात चार माणसं हवीत. बायको, मुलगा, सून, नात. हा आकडा त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. नावं येत-जात, आकडा हलत नसे. आणि नेमकी दिवस मावळायच्या आधी, पावणेसहाला, शर्मिलाची गाडी येई. ती गेली की तीन उरत. तीन मोजून झाल्यावर सीताराम पुन्हा पहिल्यापासून मोजत. मग कपाटं उघडत, पलंगाखाली बघत, दार अडवून उभे राहत. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात एकदा ते तिच्या मागोमाग खाली गेले आणि गाडीच्या चालकाची कॉलर धरली.

चालक हिंदुराव साताऱ्याकडचा, जाड मिशांचा माणूस. तो शांतपणे म्हणाला, "काका, मी फक्त गाडी चालवतो."

"कैदी पळवतोस आणि वर तोंड करून बोलतोस?"

"म्याडम, तुमी कैदी हाय?" हिंदुरावने आरशातून शर्मिलाला विचारलं.

"बारा तासांची," शर्मिला म्हणाली.

कंपनीला मात्र ते विनोदी वाटलं नाही. यापुढे गाडी इमारतीपाशी येणार नाही, मोठ्या रस्त्यावर उभी राहील, असं कळवण्यात आलं. पुढे ती निघायच्या आधीच ते दार अडवू लागले, आणि शर्मिलाला कामावर पोहोचायला उशीर होऊ लागला. दोनदा लेखी समज मिळाली. तिसरी समज शेवटची असणार होती. तिच्या मनगटावर सासऱ्यांच्या बोटांचे वळ होते. ती लांब बाह्यांचे कुडते घालू लागली.

"मी सोडते नोकरी," ती एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "आई, खरंच सोडते."

"कशाला? एकटी मी आत आहे तेवढं पुरे," ललिताबाई म्हणाल्या.

त्याच सुमारास सौरभ शहराबाहेर मांजरी गावाला जाऊन आला. उसाच्या शेतांना लागून नवी वस्ती होते आहे, तिथे एक वृद्धाश्रम निघाला आहे. अशा रुग्णांसाठी वेगळा मजला, कुलूपबंद.

"कॅमेरे आहेत, आई. चोवीस तास अटेंडंट. आपल्यापेक्षा चांगलं सांभाळतील."

"मोजतील का त्यांना?"

"म्हणजे?"

"काही नाही. बघ तू."

त्यांना काय वाटलं हे त्यांनी मुलाला सांगितलं नाही. शेजारच्या बायडाबाईंना सांगितलं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना कुलूप लावणाऱ्या माणसाला शेवटी कुलपात ठेवायचं नाही, एवढंच. बाकी कशाबद्दल त्यांचा हट्ट नव्हता.

बायडाबाई वाघोलीकडच्या. विधवा, मुलगा आखातात. दिवसभर त्यांना बोलायला माणूस लागतं. तोडगा त्यांनीच काढला. "चारच पायजेत ना? मग मी हाय की. शर्मिलाच्या जागी बसते रोज सांजच्याला. मला तरी घरी कोण हाय?"

ऑगस्टपासून त्या रोज सहाच्या सुमाराला निवडायची भाजी घेऊन येऊ लागल्या. सीताराम एकेकाच्या खांद्यावर किल्ली टेकवत मोजत. एक, दोन, तीन, चार. मग जाळीच्या दाराला आतून कुलूप लावत आणि म्हणत, "टोटल बरोबर." तरी रात्री दोनतीनदा उठून कुलूप ओढून बघत. पण दार अडवणं थांबलं. शर्मिला मागच्या मागे पावणेसहाला निघून जाई. चौथी कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

"हवालदार, तुमच्या जेलात च्या मिळतो का?" बायडाबाई विचारत.

"बंदीनंतर नाही."

"मंग आदी सांगायचं व्हतं. घरून पिऊन आले असते."

तीन महिने असे गेले. सौरभने मांजरीचा विषय काढला नाही.

चूक झाली ती पाच नोव्हेंबरला, दिवाळीच्या आधीच्या सोमवारी. अमेरिकेत हिवाळ्यात घड्याळं एक तास मागे घेतात. शर्मिलाच्या कंपनीतल्या सगळ्यांना ते माहीत असतं, तिलाही होतं. गाडी पावणेसहाऐवजी पावणेसातला येणार होती. तिने ते घरात सांगितलंही होतं. पण त्याचा बायडाबाईंशी काही संबंध आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पुण्यात दिवस मावळला तेव्हा शर्मिला घरातच केस विंचरत होती, आणि बायडाबाई नेहमीप्रमाणे गवार घेऊन आल्या.

सीतारामांनी मोजलं. पाच.

पुन्हा मोजलं. पाच. एक कमी असला की ते चिडत. एक जास्त निघाल्यावर ते चिडले नाहीत. तुरुंगात कमी निघालेला माणूस निदान कोण आहे हे तरी शोधून काढता येतं. जास्तीचा माणूस आत आला कसा, याचा जाब मोजणाऱ्याला द्यावा लागतो. प्रत्येकाच्या समोर उभं राहून त्यांनी चेहरा निरखला. उत्कर्षाच्या हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं. बायडाबाईंनी आपणहून परडी उचलली. "मीच जाते की. मी भायेरची."

"बसा," सीताराम म्हणाले.

मग ते ललिताबाईंपाशी आले. बराच वेळ बघत राहिले. "ही आपली नाही," ते म्हणाले. दंडाला धरून त्यांनी त्यांना दाराबाहेर काढलं, कुलूप लावलं, उरलेल्या चौघांना मोजलं. जिन्यावर ललिताबाईंना आतून ऐकू आलं, "टोटल बरोबर."

सौरभ किल्ली घ्यायला पुढे झाला, तेव्हा वडिलांनी त्याच्यावर खुर्ची उगारली. ललिताबाई बाहेरून म्हणाल्या, "राहू दे. मी बसते इथे." ते झोपल्यावर त्याने दार उघडलं. तोपर्यंत खालच्या मजल्यावरच्या मुलांनी लावलेला आकाशकंदील त्या बघत होत्या. रडल्या का, असं शर्मिलाने विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही. पाय आखडले."

हे एका संध्याकाळपुरतं असेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. दिवसा ते त्यांच्या हातचं जेवत, त्यांच्याकडून दाढी करून घेत. कधी "ललिता, पाणी" असंही म्हणत. उजेड उतरला की त्या परक्या होत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंही होतं, जवळच्याच माणसाबद्दल होतं. त्यावर ललिताबाईंनी विचारलं, "मग मी जिन्यावर बसले तर चालेल ना?" डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अंगावर काहीतरी गरम घालत जा.

आता हिशेब असा झाला. ललिताबाई बाहेर, आत सौरभ, शर्मिला, उत्कर्षा आणि बायडाबाई. चार. मोजणी जुळे. पण पावणेसातला शर्मिला उठे आणि कुलूप लागलेलं दार, तीन उरलेली माणसं आणि दार अडवून उभे सीताराम, सगळं पुन्हा पहिल्यासारखं. नोव्हेंबरच्या अखेरीस तिसरी समज आली. अजून एकदा उशीर झाला तर यायची गरज नाही, असं तिच्यात होतं. सौरभने मांजरीत एक जानेवारीपासून जागा धरली. ललिताबाईंनी नवऱ्याचे दोन स्वेटर, चार लेंगे आणि उशीचा अभ्रा वेगळे काढून ठेवले. अभ्र्यावर त्यांनी लाल दोऱ्यानं "ओव्हाळ" असं नाव घातलं. वसाहतीत त्या वर्दीच्या आतल्या बाजूला घालत, तसंच.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी वाढली. स्वेटर बांधून ठेवलेले, म्हणून त्या सीतारामांची जुनी खाकी जर्सी साडीवर चढवून जिन्यावर बसल्या. खांद्यावरच्या पट्ट्या अजून शाबूत होत्या. आत मोजणी झाली. मग जाळीपलीकडे सीताराम आले, तसे ते रोजच येत. जिन्यावर बसलेल्या बाईची जर्सी त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"उशीर केलात," ते म्हणाले.

लाईनीत राहिलेल्या कुठल्याही बाईला हे वाक्य ओळखीचं. पाळी घड्याळानं संपत नाही. पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहिला की संपते. तो आला नाही तर पहिला तिथेच उभा. एका पावसाळ्यात मुळा नदीचं पाणी पुलावर आलं होतं, तेव्हा सीताराम दोन पाळ्या सलग उभे होते आणि ललिताबाईंनी फाटकापर्यंत डबा नेला होता. निवृत्तीनंतर घरात मोजणी सुरू झाली, पण ताबा घ्यायला कुणी आलंच नव्हतं.

"बस मिळाली नाही," ललिताबाई म्हणाल्या.

सीतारामांनी कुलूप काढलं. त्यांना आत घेतलं, किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात दिला. "चार बंद. टोटल बरोबर. तो चष्मेवाला रात्री जागतो, त्याच्यावर लक्ष ठेवा." चष्मेवाला म्हणजे सौरभ. मग त्यांनी शर्टाची वरची गुंडी काढली, पाय धुतले आणि जेवायला बसले.

शर्मिला पर्स घेऊन दारापाशी उभी होती. तिला वाटलं, आता ते उठणार. सीतारामांनी भात कालवता कालवता मान वर केली.

"तुमचा एक चाललाय," ते ललिताबाईंना म्हणाले.

"कोर्टाची तारीख आहे."

"रात्रीची?"

"अमेरिकेचं कोर्ट आहे," बायडाबाई गवारीतून मान न काढता म्हणाल्या.

"बंदोबस्त?"

"मोठ्या रस्त्यावर गाडी उभी आहे."

"सही घ्या," सीताराम म्हणाले आणि जेवू लागले. त्या रात्री ते कुलूप बघायला उठले नाहीत.

तेव्हापासून हे रोज चाललं आहे. रोज जमतं असं नाही. आठवड्यातून एकदा ते जर्सीलाही ओळखत नाहीत, आणि मग सौरभ मागून धरतो, शर्मिला पळत जिना उतरते. टाकीवरची माणसं आहेतच. पट्टा रोज चोरीला जातो. पण तिसऱ्या समजेनंतर शर्मिलाला उशीर झालेला नाही आणि एक जानेवारीला कुणी मांजरीला गेलं नाही. सौरभने तिथल्या लोकांना फोन करून तारीख पुढे ढकलली. दहा मार्च.

तारीख त्याने उगाच निवडलेली नाही. नऊ मार्चला अमेरिकेत घड्याळं पुन्हा एक तास पुढे जातील. दुसऱ्या दिवसापासून गाडी पावणेसहाला येईल. तोपर्यंत पुण्यात दिवस पावणेसातपर्यंत टिकायला लागलेला असेल. मोजणीच्या वेळी शर्मिला घरात नसेल. बायडाबाई एकच जागा भरू शकतात, आणि रिकाम्या जागा दोन असतील, ललिताबाईंची आणि शर्मिलाची. आणखी एक शेजारीण आणता येईल का, असं सौरभने विचारून पाहिलं. ललिताबाई म्हणाल्या, "सगळी सोसायटी आत घे. मी एकटी बाहेर बसते." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, की नवीन चेहरा पाहिला की ते परत जास्तीचा शोधतील, आणि या वेळी कुणाला बाहेर काढतील ते सांगता येत नाही. उत्कर्षा लहान आहे.

कपड्यांचं गाठोडं त्यांनी सोडलेलं नाही. ते पलंगाखाली आहे.

या गुरुवारी सहा वाजून गेल्यावर आतून मोजल्याचा आवाज आला. चौथा आकडा म्हणून झाल्यावर ललिताबाई उठल्या, जर्सी घातली, पदर आत खोचला.

"उशीर केलात," सीताराम जाळीमागून म्हणाले.

"बस मिळाली नाही."

"तुम्हाला रोजच मिळत नाही."

"पीएमटी आहे," ललिताबाई म्हणाल्या. किल्ल्या घेतल्या.

पावणेसातला शर्मिला खाली गेली. सीताराम जेवले, आणि हात धुताना त्यांनी विचारलं, "तुमचं नाव काय?"

"ओव्हाळ."

"माझं पण," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

ललिताबाईंनी जर्सी खुंटीला अडकवली, आरशावरचा टॉवेल काढला, तोंड धुतलं. बायडाबाई परडी घेऊन घरी गेल्या. सूर्यास्ताच्या वेळा उत्कर्षा पेपरातून दर रविवारी आठवडाभराच्या शोधून काढते आणि फ्रिजवर चिकटवते. हे काम तिला आजीने दिलं आहे. उद्या शुक्रवार. पुण्यात सूर्यास्त सहा वाजून वीस मिनिटांनी आहे आणि शर्मिलाची गाडी पावणेसातला येते. मोजणीला मधली पंचवीस मिनिटं पुरतात.